विहिरीतला मोरपंखी

ओढ्याला रंग उरला नाही, तेव्हापासून मुरलीधर हंचाट्यांची सकाळ जरा अळणीच झाली होती.

तीस वर्षं त्यांचा दिवस ओढ्यावरच्या फरशीवर सुरू व्हायचा. सोलापूरच्या त्या टोकाला ओढ्याच्या काठानं चौदा डाईंग होती. चादरी-टॉवेलांचं सूत तिथं रंगायचं आणि सुताला न बसलेला रंग सरळ ओढ्याला लागायचा. मुरलीधर त्यातल्या हंचाटे डाईंगचे मालकही आणि मास्तरही. फरशीवर उभं राहून, चहाचा पेला हातात धरून ते नुसत्या नजरेनं सांगायचे, "हलसगींकडं आज लिंबू पिवळा लागलाय." किंवा, "वरच्या अंगाला कुणीतरी काळा काढलाय, पण मीठ कमी पडलंय त्याला. निम्मा रंग पाण्यातच आहे." हे कधी चुकायचं नाही. म्हणून अख्खा ओढा त्यांना मुरलीमास्तर म्हणायचा.

आता तीन वर्षं झाली, ओढ्यात तळाचे गोटे दिसत होते. बगळे यायला लागले होते. मास्तरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण पेपर न आलेल्या सकाळी माणूस जसा उगीच दारापर्यंत जाऊन येतो, तसं त्यांचं फरशीपाशी व्हायचं.

ही सगळी करामत चिंचोक्याची.

चिंचोक्याची खळ सोलापूरला नवी नव्हती. मागावर चढवायच्या सुताला ताठपणा यावा म्हणून ती पूर्वापार लावली जायची. डॉ. नाझनीन नायकवडी लहान असताना तिच्या घरी खळीची कढई रोज चढायची. पुढं ती रसायनशास्त्र शिकली आणि तिनं तोच चिंचोका प्रयोगशाळेत नेला. चिंचोक्याचा गर म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. अशा माळेला बहुवारिक म्हणतात. नाझनीननं त्या माळेवर जागोजाग नवे कण जोडले. धन विद्युतभार असलेले. मग माळा एकमेकींत गुंतवून त्यांचे दाणे केले. दाणे पाण्यात टाकले की टपोरे फुगायचे, म्हणून कामगारांनी त्यांना साबुदाणा हे नाव दिलं आणि तेच पडलं.

चौदा मालकांना पहिल्यांदा समजावताना ती म्हणाली होती, "सुताच्या रंगावर ऋण भार असतो. साबुदाण्यावर धन. दोघं पाण्यात भेटले की एकमेकांना सोडत नाहीत. एक पोतं साबुदाणा घरच्या पाण्याच्या टाकीएवढं रंगीत पाणी नितळ करतो."

"आणि मग ते पोतं टाकायचं कुठं?" मास्तरांनी विचारलं होतं. चौदांत तेवढा एकच प्रश्न कामाचा होता.

"टाकायचं नाही, मास्तर. कडक मिठाच्या पाण्यात धुवायचं. मिठाचे कण गर्दी करतात, रंगाला धक्का देऊन जागा घेतात. रंग सुटतो आणि साबुदाणा पुन्हा कामाला मोकळा."

"सुटलेला रंग मेलेलाच की."

"मेलेला नाही, दमलेला." नाझनीन हसली होती. "रंगाच्या कणाला एक हात असतो, त्यानं तो सुताला धरतो. काही कणांचा हात चुकून पाण्यालाच लागतो, मग तो हात वाया जातो. असा रंग साध्या सुताला बसणार नाही. पण साबुदाण्याला दिला तोच धन भार आपण सुतालाही दिला तर? मग हाताची गरजच नाही. सूतच त्याला ओढून घेईल. मीठसुद्धा लागणार नाही."

तसंच झालं. पहिल्या वर्षी लोकांनी नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी दमलेल्या रंगाच्या चादरी परदेशात जाऊ लागल्या. आणि मुरलीमास्तरांना नवं काम मिळालं. ओढ्याच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड उभी राहिली. चौदा डाईंगचा साबुदाणा तिथं यायचा, उंच काचेच्या नळ्यांत भरला जायचा आणि वरून मिठाचं पाणी सोडलं जायचं. आधी फिकं, मग थोडं थोडं खारट करत. सगळे रंग एकदम सुटत नाहीत. ज्याची पकड कच्ची तो आधी सुटतो, ज्याची पक्की तो शेवटी. नळीच्या खालच्या टोकातून आधी पिवळा उतरे, मग नारिंगी, लाल, गर्द निळा, असे एकामागून एक पट्टे. कुठल्या पट्ट्याला कुठं तोडून वेगळी बाटली लावायची, हे ठरवायला नजर लागे. शेजारी वर्णपट मोजायचं यंत्र होतं, पण ते आकडा सांगेपर्यंत मास्तरांची बाटली बदलून झालेली असे.

असं सगळं छान चाललं होतं.

त्या वर्षी चैत्रात एका सकाळी नाझनीन शेडमध्ये आली. डोक्यावरचा स्कार्फ सोडून तिनं त्यानंच वारा घेतला आणि एक कागद मास्तरांपुढं ठेवला.

"मास्तर, ओढा झाला. आता विहिरी. खालच्या अंगाच्या बावीस विहिरींत जुना रंग मुरलाय. जाळीच्या पिशव्यांत साबुदाणा भरून आम्ही आत सोडतोय, गाळातही पुरतोय. पंधरा दिवसांनी पिशव्या तुमच्याकडं येतील. रंग सोडवायचे आणि कुणाचे ते सांगायचे. यंत्र रंगाचं नाव सांगेल, पण मालकाचं नाव तुम्हीच सांगू शकाल."

नियम काय होता, ते मास्तरांना सांगायची गरज नव्हती. डाईंग मालकांच्या संघात तो ठराव त्यांनीच मांडला होता. ज्या विहिरीत ज्याचा रंग जास्त निघेल, त्यानं ती विहीर उपसायची, गाळ काढायचा आणि पाणी तपासणीत पास होईपर्यंत तिथला साबुदाणा बदलत राहायचं. रंग कुणाचा ते कळलं नाही, तर ती विहीर यादीत शेवटी. जमेल तेव्हा. ठराव मांडताना मास्तरांनी छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "ज्याचं त्यानं निस्तरावं." टाळ्या पडल्या होत्या.

कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'पुकाळे यांचा फुलमळा.'

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ओळखीचे आहेत?" नाझनीननं विचारलं.

"थोरली बहीण आहे माझी तिथं."

"अरे वा! मग बरंच झालं की."

मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

बहिणीचं नाव इंदुमती. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे. मास्तरांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. नारायणराव पुकाळ्यांशी तिचं लग्न झालं आणि ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, शेवंती-निशिगंधाच्या मळ्यात राहायला गेली. सुरुवातीची बरीच वर्षं मळा बरा चालला. मग विहिरीच्या पाण्याला आधी वास आला, मग रंग. शेवंतीची पानं करपली. पुढं तर हौदात धुतलेली नारायणरावांची धोतरं लालसर दिसायला लागली. मळा बंद पडला. प्यायला टँकर येऊ लागला.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांच्या मुलीचा साखरपुडा होता. हॉलमध्ये ओढ्यावरचे तेराही मालक कुटुंबासकट आलेले. अक्का आली, आणि पेढ्यांच्या ताटाशेजारी तिनं पिशवीतून काढून एक काचेची बाटली ठेवली. आत जांभळट पाणी.

"हे घे," ती म्हणाली. "तुझ्या डाईंगचं पाणी. माझ्या विहिरीतून आणलंय. व्याह्यांना सरबत म्हणून दे."

सगळ्या हॉलच्या माना वळल्या. मास्तरांनी बाटली ताटामागं सरकवली. ते म्हणाले, "ओढ्यावर चौदा डाईंग आहेत अक्का. माझंच कशावरून?"

अक्कानं बोलायला तोंड उघडलं. एकदा तेरा मालकांकडं पाहिलं. मग तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तिच्याकडं उत्तर नव्हतं, असंच सगळ्यांनी धरलं. मास्तरांनीही.

त्यानंतर भावाबहिणीत एक शब्द झाला नव्हता. नारायणराव तेवढे कधी मंडईत भेटले की विचारायचे, "बरंय ना?" मास्तर म्हणायचे, "बरंय दाजी." तेवढंच.

पंधरा दिवसांनी मळ्यातल्या पिशव्या शेडमध्ये आल्या. साबुदाणा पिकलेल्या करवंदांसारखा काळाजांभळा दिसत होता. मास्तरांनी तो स्वतः नळीत भरला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुपारचे दोन वाजले होते. पत्रा तापून टकटक वाजत होता.

पहिलं पाणी सोडलं. पिवळा उतरला. लिंबू पिवळा, हलसगींचा. थोडासाच. मग नारिंगी, तो वरच्या अंगाच्या दोघांपैकी कुणाचातरी. मग लाल आला. लाल चौदाही जण वापरायचे, त्यावरून काही ठरत नव्हतं. मास्तरांना जरा हायसं वाटलं. मग गर्द निळा. तोही सगळ्यांचा. त्यांनी पाणी अजून खारट केलं. काही आलं नाही. साबुदाणा बराचसा पांढरा झाला होता, पण नळीच्या वरच्या भागात एक जाड काळपट थर हलायला तयार नव्हता.

"एवढी घट्ट पकड कशाची आहे?" नाझनीन नळीजवळ वाकली. "मोठा कण दिसतोय. खूप ठिकाणी धरून बसलाय."

मास्तरांनी सगळ्यात कडक मीठ सोडलं. थर हलला. हळूहळू खाली सरकायला लागला आणि सरकता सरकता त्याचा काळेपणा विरघळून आतला रंग दिसायला लागला. मोरपंखी. स्वच्छ, झगझगीत मोरपंखी. एक बाटली भरली. दुसरी भरली. तिसरी निम्मी झाली तेव्हा कुठं तो थांबला.

यंत्रानं आकडा दिला. "कणात तांबं असलेला मोठा रंग," नाझनीन वाचत म्हणाली. "बाप रे. या विहिरीत सगळ्यात जास्त हाच आहे. लाल वर्षानुवर्षं गाळात पडून तुटत जातो, हा तुटत नाही. पण मास्तर, ओढ्यावर मोरपंखी चादर कोण काढायचं? मला तर कुणी आठवत नाही."

"नाही काढायचं कुणी."

"मग कुणाचा म्हणून लिहू? का अज्ञात लिहू?"

समोरच्या तीन बाटल्यांवर उन्हाची तिरीप पडली होती. मास्तरांनी एकेकीला बूच लावलं.

हंचाट्यांचा मरून अख्ख्या सोलापुरात प्रसिद्ध होता. दुसऱ्या कुणाला तसा जमायचा नाही. नुसता लाल घेतला तर तो उथळ दिसे, त्यात काळा घातला तर मळकट. हंचाट्यांचा मरून डाळिंबाच्या दाण्यासारखा खोल होता. त्याचं गुपित एवढंच की मास्तरांचे वडील, अप्पा, लालात थोडा मोरपंखी घालायचे. मोरपंखीचा डबा ते परगावाहून आणायचे आणि त्यावरचं लेबल खरवडून टाकायचे. पुढं मास्तरही तेच करत आले. ओढ्यावर मोरपंखी फक्त एका डाईंगमध्ये होता, आणि त्यांच्या मते हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे त्यांनी 'अज्ञात' म्हटलं असतं, तर प्रश्न मिटला असता. अक्काची विहीर यादीत बाविसावी गेली असती. आणि त्यांनी खरं सांगितलं असतं, तर अहवालातून मोरपंखीचं गुपित बाकी तेराही मालकांच्या हातात गेलं असतं. चिंचोक्याचा दाणा फक्त विहीर साफ करून थांबत नव्हता. ज्यानं जे सोडलं, ते जपून ठेवून परत हातावर आणून देत होता. मास्तरांनी तीन वर्षं त्याचं कौतुक केलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांना त्याची भीती वाटली.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांची स्कूटर मळ्याच्या फाटकापाशी थांबली. डिकीत फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती. स्टँडवर लावताना स्कूटर दोनदा निसटली.

नारायणराव ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. ते आरशातूनच म्हणाले, "इंदू, पाहुणे आलेत," आणि मग हळूच मास्तरांना, "चपला फाटकाच्या बाहेरच काढा. पळायला बऱ्या."

अक्का दारात आली. केस पांढरे झाले होते. अंगानं वाळली होती, पण उभं राहायची ढब तीच, एक हात कमरेवर.

"कशाला आलायस?"

मास्तरांनी रात्रभर दोन-चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी फडकं सोडलं आणि बाटली ओट्याच्या कडेवर ठेवली.

"अक्का, माझाच होता," ते म्हणाले. "विहिरीतला रंग. सगळ्यात जास्त माझाच."

अक्का बाटलीकडं बघत राहिली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, राग आलेलाही दिसला नाही. तिनं बाटली उचलून उन्हात धरली, थोडी कलती केली. रंगाची पारख करताना अप्पा तशीच कलती करायचे.

"मोरपंखी," ती म्हणाली. "माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"यात मोरपंखी आहे ते. अकरा वर्षांपूर्वीच माहीत होतं. पांढऱ्या फडक्यावर विहिरीचं पाणी टाकून वाळवलं की कडेला हिरवट निळी रेघ उमटायची. ती कशाची ते ओळखायला मला यंत्र लागत नाही, मुरली. लग्न होईपर्यंत सात वर्षं अप्पांच्या हाताखाली मीच होते. तू तेव्हा विटी-दांडू खेळायचास."

मास्तर ओट्यावर टेकले.

"मग तेव्हा का नाही बोललीस? मी सगळ्यांसमोर विचारलं तुला, माझंच कशावरून!"

"सगळ्यांसमोर विचारलंस म्हणूनच." अक्कानं बाटली खाली ठेवली. "तेरा जण कान टवकारून बसले होते. मी म्हणाले असते, यात मोरपंखी आहे, आणि मोरपंखी फक्त आमच्या घरात आहे. संपलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक डाईंगमध्ये हंचाट्यांचा मरून निघाला असता. अप्पांनी मरेपर्यंत जपलेली गोष्ट मी पेढ्यांच्या ताटावर सांगायची? तुझ्यावर राग होता. अप्पांवर नव्हता."

नारायणराव फेसासकट वस्तरा धरून उभे होते. "मला हे ऐकायला अकरा वर्षं लागली," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, असं कसं होईल!"

मास्तरांना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बाहीनं पुसलं. अक्कानं तिकडं लक्ष न देता घरात जाऊन चहा टाकला. बाहेर येऊन म्हणाली, "एक विचारू? मोरपंखी तू कधी घालतोस?"

"कधी म्हणजे? लालाबरोबर. चांगला तासभर फिरवतो."

"पाणी किती कडक तापवतोस?"

"लालाला लागतं तेवढं. कोमटाच्या वर."

अक्कानं कपाळाला हात लावला.

"अरे, मोरपंखी अंगानं जाड. सुस्त. त्याला आधी घालायचं, एकट्याला, आणि पाणी हात घालवणार नाही इतकं कडक. तो सुतात शिरून बसला की मग पाणी निववायचं आणि लाल सोडायचा. दोघांना एकत्र टाकलंस की लाल चपळ, तो जागा पटकावतो आणि मोरपंखी राहतो पाण्यातच. अप्पांनी सांगितलं नाही तुला?"

अप्पांनी सांगितलं नव्हतं. अप्पांनी डाईंग मुरलीधरांच्या हाती दिलं तेव्हा त्यांचं बोलणं गेलेलं होतं. डबा दाखवला होता, मोजायचं माप दाखवलं होतं. बाकीचं बोटांनी सांगायचा प्रयत्न केला होता. डब्याकडं एक बोट, मग लालाकडं दोन. मुरलीधर समजले, एक माप मोरपंखी, दोन मापं लाल. पहिला कोण, दुसरा कोण, हे अप्पा सांगत होते, ते त्यांना आज कळलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तीस वर्षं मी जो मोरपंखी घातला त्यातला निम्मा..."

"निम्म्याहून जास्त," अक्का म्हणाली. "माझ्या विहिरीत आला."

चहा उकळून वर आला म्हणून ती आत धावली. मास्तर बसून राहिले. एक साधा प्रश्न होता, तो थोरल्या बहिणीला कधीही विचारता आला असता. फोनवरसुद्धा. पण रंगाचं काही तिला विचारावं हे तीस वर्षांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती लग्न होऊन गेली, म्हणजे तिचं डाईंगही गेलं, असंच त्यांनी धरलं होतं.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "अक्का, अहवालात मी नाव लिहितोय. मग मोरपंखीचं सगळ्यांना कळणार. तुझी काही हरकत?"

अक्कानं कपबशा एकात एक ठेवल्या, ओट्यावर सांडलेला थेंब पदरानं टिपला.

"अप्पांना बरं वाटलं नसतं," ती म्हणाली. "पण त्यांना विहिरीचं पाणीही बरं वाटलं नसतं. लिही."

वैशाखात संघाच्या हॉलमध्ये अहवाल वाचला गेला. नाझनीननं विहिरी एकेक करून सांगितल्या. पहिल्या दोन विहिरींना 'अज्ञात' लागलं. त्यांत लाल आणि निळाच जास्त होता, आणि तो कुणाचाही असू शकत होता. ज्यांचा असेल त्यांनी हात वर करावा, असं ती म्हणाली होती. कुणी केला नव्हता. तिसऱ्या विहिरीला ती म्हणाली, "फुलमळा," आणि मास्तर उठून उभे राहिले.

"तो मोरपंखी माझा," ते म्हणाले. "हंचाट्यांच्या मरूनमध्ये मोरपंखी असतो. माझ्या वडिलांपासून. तो मी नीट बसवला नाही, म्हणून बहिणीच्या विहिरीत गेला. विहीर मी साफ करतोय. परवापासून गाळ काढायला लागतोय."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विहिरीचं सोडून सगळे मरूनबद्दलच बोलत होते. "मोरपंखी होय! आम्ही काय काय घालून बघितलं!" मास्तर ऐकत खाली बसले. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. दुखरा दात काढल्यावर जीभ जशी रिकाम्या जागेवर फिरते, तसं काहीतरी होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काठी टेकत शिवशरणप्पा हलसगी उठले. वय ऐंशीच्या घरात. ओढ्यावरचं सगळ्यात जुनं डाईंग त्यांचं.

"पहिल्या विहिरीतला लाल," ते म्हणाले, "आमचा आहे. त्या विहिरीच्या शेजारून आमचंच गटार जात होतं. माझ्या पोरांना माहीत नाही, मला आहे. आणि मास्तर, हिशेब पुरा करा. तुमच्या बहिणीच्या विहिरीत थोडा पिवळाही निघाला म्हणताय. तो माझा. दोन दिवस माझी माणसं तुमच्याबरोबर गाळ काढतील."

त्यानंतर वरच्या अंगाचे दोघे उठले, कारण आपला नारिंगी आता लपणार नाही हे त्यांना कळलं होतं. मग आणखी एक. बावीस विहिरींपैकी सतरांना त्या संध्याकाळपर्यंत नाव लागलं. नाझनीन लिहिता लिहिता थकली. एकदा तिनं मान वर करून मास्तरांकडं पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली.

मळ्याची विहीर उपसायला तीन आठवडे लागले. मास्तर रोज जायचे. पहिल्या दिवशी ते कमरेला दोर बांधून स्वतः आत उतरले. नारायणरावांनी वरून आवाज दिला, "साठी झालीय तुमची, ध्यानात आहे ना?" गाळ निघाला तो वांगी रंगाचा, तळातला जवळजवळ काळा. त्यावरून अक्का काठावर बसून कुठल्या वर्षीचा थर कुठला ते सांगायची, आणि मास्तर आतून वाद घालायचे. नव्या साबुदाण्याच्या पिशव्या आधी दर आठवड्याला बदलाव्या लागल्या, मग महिन्यानं. श्रावणात पाणी तपासणीत पास झालं. कार्तिकात नारायणरावांनी दोन वाफे शेवंती लावून बघितली. दोन्ही लागले.

अक्का मात्र मळ्यात फार दिवस टिकली नाही. दिवाळी झाल्यावर एका सोमवारी तिनं मास्तरांना फोन केला.

"मी डाईंगवर येतेय. पण हाताखाली नाही हां. तुझं पाणी तापवायचं वळण मला बघवत नाही."

मोरपंखीचं आता तेराही जणांना कळलं होतं, प्रत्येकानं घालून बघितला होता. कुणाचाच मरून हंचाट्यांसारखा निघत नव्हता. काय घालायचं ते त्यांना कळलं होतं, कधी घालायचं ते त्यांनी विचारलं नव्हतं. एकट्या शिवशरणप्पांनी तेवढं विचारलं आणि अक्कानं त्यांना सांगून टाकलं. मास्तरांनी डोळे वटारले तर म्हणाली, "गाळ काढायला आली होती ना त्यांची माणसं?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नाझनीनचा फोन आला. तिच्याकडं चौदाही डाईंगच्या हौदातल्या साबुदाण्याचे आकडे रोज येत असत. किती दाणे भरले, किती रंग धरला, पिशवी कधी बदलायची, सगळं. तिचा आवाज काळजीचा होता.

"मास्तर, काही झालंय का? तुमच्या हौदातली पिशवी चौथ्या दिवशी भरते नेहमी. आज अकरावा दिवस, अजून पांढरीच आहे. पाण्यात रंगच येत नाहीये. डाईंग बंद ठेवलंय का तुम्ही?"

मास्तरांनी मागं वळून पाहिलं. हौदाच्या वाफेत पदर खोचून उभी असलेली अक्का दोन कामगारांना एकाच वेळी झापत होती, आणि दोघेही मान खाली घालून हसत होते. बाजूच्या बांबूवर मरूनच्या लडी निथळत होत्या. खाली पडणारं पाणी जवळजवळ पाण्यासारखंच होतं.

"नाही मॅडम," मास्तर म्हणाले, "डाईंग जोरात चालू आहे. अक्का आलीय."